शेण कोणाचे होते

सुर्ल्याच्या एका ट्रकमालकाने मला फसवले. बाजारात उलटे सांगतात, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिले.

मी पेडण्याचा, मोपाच्या कातळसड्यावरचा. गवंड्याच्या हाताखाली रेती चाळत चाळत जुन्या जमिनी दुरुस्त करायचे काम शिकलो. वर टाइल येवो की आणखी काही, खालची जमीन घट्ट आणि सपाट करून देणे हा माझा धंदा. भाव करताना मी कोणाच्या बापाचे ऐकत नाही. दुकानदाराला त्याच्याच दुकानात घाम फोडतो. पण मालात भेसळ कधी केली नाही. मी कामे करतो त्या डिचोलीत पूर्वी लोकांना दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. आता पहिली तेवढी आठवते.

ट्रकमालकाचे सुर्ल्याचे घर जुने, चिऱ्यांचे, रस्त्याला लागून. दारावरून खनिजाचे ट्रक जाऊन जाऊन पुढच्या खोलीतली लाल सिमेंटची जमीन तडकली होती, मधे खोलगट झाली होती. मुलीच्या साखरपुड्याआधी त्याला तिथे लाकडासारखी दिसणारी विनाइलची चादर हवी होती. मी हातोडीने जमीन ठोकत फिरलो. पोकळ वाजली तिथे फोडली, भेगा झाडून भरल्या, प्रायमर मारला आणि वर लेव्हलिंगचा माल ओतला. आंबोळीच्या पिठासारखा तो आपला आपण पसरतो, पण कुठे ओतायचा आणि कुठे थांबायचे हे हाताला कळावे लागते. सुकल्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवला. दुसऱ्या दिवशी उचलला तर आत ओलीचा थेंब नव्हता.

मालकाने हात फिरवून पाहिला. "आरसो जालो रे!"

"आता झाडूशिवाय ह्याला काय लावायचं नाय," मी बजावले. "पाणी नाय, तेल नाय. चादर चिकटली की मग नाचा."

"माका शिकयता?" तो हसला.

चादर लावायला म्हापशाच्या दुकानाची माणसे येणार होती. मी कारापूरच्या कामावर गेलो.

साखरपुड्याच्या दिवशी निरोप आला. मला वाटले, जेवायला बोलावले. जाऊन बघतो तर चादर जागोजागी फुगलेली, कडा पापडासारख्या वळलेल्या. खोलीत दोन्हीकडचे पाहुणे.

"शेण खालेंस रे तूं!" तो सगळ्यांदेखत ओरडला. "घासाघीस करून काम घेतलें आनी मालांत माती भरली!"

माझ्या तोंडात काय काय आले ते इथे लिहिण्यासारखे नाही. मी खाली बसलो आणि एक कड उचलली. डिंक सगळा चादरीच्या पाठीला, आणि डिंकाला हिरवट पापुद्रा. खालची जमीन होती तशी, घट्ट. पापुद्रा नाकाजवळ नेला. तेवढ्यात शेजारी बसलेली मालकाची म्हातारी आते हळूच म्हणाली, "शेण रे पुता. चादर घालचे आदीं पुजा केल्ली. सारयल्याबगर कलश खंय दवरतले?"

तिच्यावर माझा राग नाही. आमच्या घरीही कलशाखाली शेणाचा हात फिरल्याशिवाय पूजा होत नाही. इथे अख्खी खोली सारवली होती. शेण सुकले, म्हापशेकरांनी त्यावरच डिंक फासला. चादर माझ्या जमिनीला चिकटलीच नव्हती, शेणाला चिकटली होती.

मालकाने ते ऐकले. माझा दंड धरून मला मागच्या दारी तुळशीकडे नेले. मघाचा आवाज कुठल्या कुठे.

"न्हवऱ्याच्या लोकांमुखार शेणाचें नांव काडूं नाका. लज वता. हांव मागीर सगळ्यांक सांगतां, तुजी चूक नासली म्हूण. ही तुळस साक्षी आसा."

दारात ती मुलगी उभी होती, नवी साडी, डोळे भरलेले. तिच्याकडे पाहून मी गप्प बसलो. आयुष्यात एवढा घाट्याचा सौदा मी दुसरा केला नाही.

कारण मागाहून त्याने लोकांना सांगितले ते वेगळेच. "तोंडूच उघडूंक ना ताणें. म्हणजे कबूल." बाजारात हेच, देवळात हेच. डिचोलीतल्या ज्या दवाखान्याची जमीन मी करणार होतो, तो डॉक्टर म्हणाला, "सुर्ल्याचं कानावर आलं. राहू दे." मी कामासाठी घासाघीस करतो, म्हणून मी चोर, हे लोकांना लगेच पटले. तुळशीपुढे शब्द देणारा खोटा असेल, हे कोणाला सुचलेही नाही.

मुलीचे लग्न झाले. आता लाज कोणापुढे जाणार आहे? तेव्हा मालक, ज्या माणसांपुढे मला शेण खाल्ले म्हणालात, त्यांनाच पुन्हा बोलवा. चादर उचला. शेण कोणाचे होते, कोणी लावले, आणि तुळशीकडे नेऊन मला काय सांगितलेत, ते तुमच्या तोंडाने सांगा. अर्धे सांगून चालणार नाही. ह्या एका गोष्टीत मी घासाघीस करत नाही.