हत्तीला नदी ओलांडता येत नाही

मस्कतला उतरले तेव्हा माझ्या यादीत अठरा कामं होती. सतरा किरकोळ होती: मेतकूट पोचवणे, शेजवान चटणीच्या बाटल्या फुटल्या नाहीत ना ते पाहणे, वगैरे. अठरावं आईनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'मंदारला घेऊन येणे.'

मंदार माझा धाकटा भाऊ. सोहारच्या एका पोलाद कारखान्यात इंजिनिअर आहे. तीन वर्षं घरी आला नव्हता. पुढच्या बुधवारी नाशिकला आईचं सहस्रचंद्रदर्शन, आणि हा फोनवर म्हणत होता, "ताई, नव्या भट्टीच्या चाचणीवर चिनी साहेबाची सही झाल्याशिवाय मला रजा नाही. तुम्ही ओवाळा, मी व्हिडिओवर बसतो." मी फोन ठेवला. रविवारची परतीची तिकिटं दोन काढली आणि निघाले.

मस्कतमधल्या रुवीहून सोहारची बस पकडली. उजव्या हाताला समुद्र असल्याचं अधूनमधून जाणवत होतं, डावीकडे लांबवर बोडके तपकिरी डोंगर, आणि मध्ये खजुराच्या बागा. शेजारच्या ओमानी बाईंनी न विचारता मला खजूर आणि कहवा (वेलदोडा घातलेली बिनदुधाची कॉफी) दिला.

"किधर जाता?"

"सोहार. भाई को लेने."

"आएगा?"

"इन्शाल्ला," मी शिकलेला शब्द वापरला.

त्या हसल्या. "इन्शाल्ला बोला तो टाइम लगेगा."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी मंदारनं त्या साहेबांची गाठ घालून दिली. लिन साहेब पन्नाशीचे, सडपातळ, खिशात तीन पेनं. तीन पेनं असून सही करत नाहीत, ही माझ्या मनातली पहिली नोंद. त्यांनी आम्हाला सोहारचा पांढराशुभ्र किल्ला दाखवला. आतल्या संग्रहालयात चिनी मातीच्या भांड्यांचे जुने तुकडे होते. पूर्वी इथून गलबतं थेट चीनपर्यंत जात. स्वतः आठ महिन्यांच्या कामासाठी आलेले लिन साहेब त्या तुकड्यांकडे बघत म्हणाले, "हेही आठ महिन्यांच्या कामासाठी आले असतील."

मग किल्ल्यासमोरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी पिशवीतून बुद्धिबळाचा चिनी पट काढला. आम्हाला दोघांना आईनं बुद्धिबळ शिकवलंय, त्यामुळे मी लगेच बसले. सोंगट्या म्हणजे लाकडी चकत्या, वर चिनी अक्षरं. त्यांचा हत्ती आपल्या उंटासारखा तिरका चालतो, तोही मोजून दोन घरं. पटाच्या मधोमध रिकामा पट्टा आहे. मी हत्ती त्यावरून पलीकडे नेला. लिन साहेबांनी तो नम्रपणे परत जागेवर ठेवला.

"ही नदी आहे. हत्ती ओलांडत नाही."

"का? पोहता येतं हत्तीला."

"राजाजवळ राहायची ड्यूटी आहे त्याची."

मग गोष्ट कळली. दोन हजार वर्षांपूर्वी चू आणि हान ही दोन राज्यं लढली. पटावरची नदी म्हणजे त्यांची सीमा, नावासकट. चूचा राजा तरुणपणी एका लढाईला गेला, तेव्हा नदी पार केल्यावर त्यानं स्वयंपाकाची भांडी फोडायला आणि होड्या बुडवायला लावल्या. परतायची सोयच नको. आजही कोणी मागचे दोर कापून एखाद्या कामाला लागला, की चिनी माणूस चार अक्षरांत 'भांडी फोडली, होड्या बुडवल्या' असं म्हणतो. (स्वयंपाक कोणाला करावा लागत नसे, ते यावरून समजतं.) पुढे हाच राजा वेढ्यात सापडला. हानच्या सैन्यानं रात्री चारी बाजूंनी चूची गाणी म्हटली. आपल्या गावची गाणी ऐकून शिपाई रडले आणि एकेक करून निघून गेले. म्हणून पुरता अडकलेल्या माणसाला ते म्हणतात, 'चारी बाजूंना चूची गाणी.'

"आणि जिंकला कोण?"

"हान. आमच्या अक्षरांना आम्ही हान अक्षरं म्हणतो, आम्ही स्वतः हान लोक." त्यांनी चहाचा घोट घेतला. "जिंकलेल्याच्या नावाची लिपी, हरलेल्याच्या नावाचे वाक्प्रचार."

"सही कधी करणार?" मी विचारलं.

"तेलाची एक गळती आहे. चाचणी चोवीस तास सलग व्हायला हवी. तीनदा थांबली. पुन्हा पहिल्यापासून." आणि तेवढ्यात माझा राजा कोंडीत घेतला. "खलास."

घरी येऊन मी यादीच्या मागच्या बाजूला योजना लिहिली. माणसाला घरची आठवण आली की तो काम आटपतो. चारी बाजूंनी गाणी म्हणायला मला चिनी येत नव्हतं. पण स्वयंपाक येत होता.

शुक्रवारी सुट्टी. लिन साहेबांना जेवायला बोलावलं. कोबी, कॉर्नफ्लोअर, सोया सॉस कोपऱ्यावरच्या मल्याळी दुकानातून आणलं, चटणी नाशिकची होतीच. मंचुरियन, शेजवान राइस, हाका नूडल्स. मंदार वासानंच स्वयंपाकघरात आला. "ताई, कॉलेजबाहेरची गाडी," म्हणाला आणि कढईतला एक गोळा उचलून तिथेच उभा राहिला.

लिन साहेबांनी तीनदा वाढून घेतलं. घाम पुसत म्हणाले, "भारतीय जेवण मला नेहमीच आवडतं."

"अहो, हे तुमचं आहे."

"माझं?" त्यांनी ताटात पुन्हा निरखून पाहिलं. "नाव काय याचं?"

"मंचुरियन."

चमचा खाली आला. इंग्रजीत ज्याला मांचुरिया म्हणतात, नेमकी तिथलीच त्यांची बायको निघाली. त्यांनी तिला व्हिडिओ लावला आणि गोळा कॅमेऱ्यासमोर धरला. पलीकडे बायको हसली, सहा वर्षांची मुलगी लोळून हसली, चष्मा शोधत सासूबाई आल्या. मला एक शब्द कळत नव्हता. मग सासूबाईंनी काहीतरी छोटंसं विचारलं आणि लिन साहेबांचा आवाज एकदम खाली आला.

फोन ठेवून ते खिडकीशी उभे राहिले. तिथून फक्त पाण्याच्या टाक्या दिसतात.

"सासू म्हणते, त्या गोळ्यासोबत लवकर परत ये." मग माझ्याकडे वळून हसले. "ताई, ही गाणी होती ना?"

माझी चोरी पकडली गेली होती. मी सरळ हो म्हटलं.

"पण सही मी नाही करत, भट्टी करते. तिला गाव नाही."

तेवढ्यात मंदार उठला. ताट तसंच ठेवून बूट घालत होता. "साहेब, गळतीचं सील आजच बदलू. मी येतो."

"सुट्टी आहे आज."

"आईच्या ऐंशी वर्षांचा सोहळा आहे. व्हिडिओवर नाही बसणार मी."

लिन साहेबांनी एक गोळा तोंडात टाकला. "यल्ला (चला)," म्हणाले, आणि दोघं गेले.

संध्याकाळी सहाला चाचणी सुरू झाली. शनिवारचा अख्खा दिवस मी मंदारची कपाटं लावली, नाहीतर फोनकडे बघत बसावं लागलं असतं. सहा वाजून दहा मिनिटांनी फोटो आला: कागद, त्यावर सही, आणि कडेला तेलाचा डाग पडलेलं मंदारचं बोट.

निघताना लिन साहेबांनी तो पट आईसाठी दिला. आठवड्यानं त्यांच्या घरून फोटो आला. सासूबाईंनी माझ्या कृतीनं मंचुरियन केलं होतं. खाली प्रश्न: 'तुम्ही भारतात हे रोज खाता का?'

आता तो पट नाशिकच्या आमच्या जेवणाच्या टेबलावर असतो. चकत्यांवर मी मराठी नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी आई मंदारबरोबर खेळायला बसली आणि तिसऱ्याच खेळीला हत्ती नदीपलीकडे नेऊन ठेवला.

"आई, नियम नाही तसा," मंदार म्हणाला. "हत्तीला नदी ओलांडता येत नाही."

"तीन वर्षं हेच ऐकत होते," आई म्हणाली. "खेळ तू."