कोऱ्या चिठ्ठीवरची सही

सोपान थोरवडेच्या नेमणुकीचा कागद आला, तेव्हा त्याचा बाप आकाराम तो घेऊन पाटणच्या बाजारात गेला आणि ओळखीच्या प्रत्येकाला वाचून दाखवत सुटला. आकाराम फौजेतून हवालदार होऊन परतलेला माणूस. चालताना अजून पाऊल मोजून टाकायचा. "पोरगं विन्स्पेक्टर झालं," असं तो सांगे. कागदावर होतं ‘उमेदवार अन्न निरीक्षक’. म्हणजे शिकाऊ. वर्षभर वरिष्ठाच्या हाताखाली काम करायचं, त्यानं चांगला शेरा दिला तर कायम व्हायचं, नाही तर गाठोडं बांधून परत यायचं. पण एवढी बारीक अक्षरं आकारामला वाचायची नव्हती. वस्तीतला पहिला सरकारी साहेब त्याच्या घरातून निघाला होता.

निघताना आई भामाबाई म्हणाली, "कुणाला उलट बोलू नगंस." बाप म्हणाला, "डूटी म्हंजी डूटी. वरच्यानं सांगितलं की करायचं." दोन्ही उपदेश पाळून सोपान एस.टी.त बसला आणि सांगली जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या एका गावच्या नगरपालिकेत १९७४ च्या जानेवारीत हजर झाला.

त्याचे वरिष्ठ होते आप्पासो. गोरे, गुटगुटीत, पान खाऊन ओठ कायम लाल. त्यांनी त्याला वाईट वागवलं नाही. उलट मन लावून शिकवलं. दुधाचा नमुना कसा घ्यायचा, तर आधी सगळं दूध मापानं वरखाली ढवळायचं. मग तीन बाटल्या भरायच्या. दूध नासू नये म्हणून प्रत्येकीत औषधाचे थेंब टाकायचे, बूच लावायचं, दोरा गुंडाळायचा, लाखेचा ठसा मारायचा आणि विकणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर विकणाऱ्याचा अंगठा आणि दोन पंचांच्या सह्या. एक बाटली पुण्याच्या प्रयोगशाळेला, एक विकणाऱ्याला, एक दप्तरी.

"ही चिठ्ठी म्हंजी माणसाचं नशीब हाय बघ," आप्पासो म्हणत. "भेसळ शाबीत झाली की सहा म्हैने आत. त्याच्या खाली कोर्टाच्याबी हातात फारसं काय ऱ्हात न्हाई."

पहिले काही आठवडे सोपाननं नुसतं पाहिलं. मग एके दिवशी मंडईच्या कोपऱ्यावर आप्पासोंनी माप त्याच्या हातात दिलं. समोर हरणाबाई बसली होती. जवळच्याच मळ्यातली, नवरा गेलेली बाई. दोन म्हशींचं दूध रोज डोक्यावरून आणायची. सोपाननं वाकून चरवीत माप बुडवलं, शिकवल्याप्रमाणे ढवळलं, बाटल्या भरल्या.  हरणाबाईनं शेजारच्या भाजीवालीला विचारलं, "कुणाचा गं ह्यो नवा सायब?" भाजीवालीनं कानात काहीतरी सांगितलं.

हरणाबाई उठली. उरलेलं चारपाच शेर दूध तिनं उचललं आणि सगळ्या मंडईदेखत गटारात ओतून दिलं.

सोपानच्या हातात लाखेची कांडी होती. ती वितळून त्याच्या अंगठ्यावर टपकली, तरी त्यानं हात हलवला नाही. आप्पासो हसले, म्हणाले, "जाऊ दे गड्या. बायकांची जात." कोणती जात ते मात्र दोघांनाही कळलं होतं. त्या दिवशीचा नमुना चोख निघाला. हरणाबाईच्या दुधात पाणी कधीच नसायचं.

एप्रिलात दिवस उगवताच ऊन चटका द्यायला लागलं. एका सकाळी आप्पासोंनी पुन्हा हरणाबाईचा नमुना घेतला. ती तोंड फिरवून बसली, या खेपेला दूध मात्र ओतलं नाही, कारण माप आप्पासोंच्या हातात होतं. पांढऱ्या बाटल्या संपल्या होत्या, म्हणून तिचं दूध जुन्या हिरवट बाटल्यांत भरलं. ठसे मारून झाले आणि एवढ्यात नाथाजीची गाडी मंडईत शिरली. नाथाजी हा गावातला मोठा दूधवाला. हॉटेलं, वसतिगृह, दवाखाना, सगळीकडं त्याचे कॅन जायचे. नगराध्यक्षांचा तो मेहुणा. सोपानला हे ठाऊक नव्हतं. त्यानं कॅनमध्ये दुधाचा दाटपणा दाखवणारं काचेचं मापक सोडलं आणि ते गटांगळी खाऊन तळाकडं गेलं.

"सायेब, ह्यात निम्मं पानी हाय," तो ओरडला.

चार माणसं जमली. आता माघार घेणं आप्पासोंना जमेना. कचेरीतून नवीन आणलेल्या पांढऱ्या बाटल्यांत नाथाजीचा नमुना भरला गेला. नाथाजी गाडी तिथंच सोडून नगराध्यक्षांच्या घराकडं चालू लागला. आप्पासोंचा चेहरा उतरला. "चिठ्ठ्यांवर नावं कचेरीत घालू," ते म्हणाले. "तू सह्या करून ठेव. पंच म्हणून." दुसरा पंच चहावाला जोतीराम. तो कशावरही सही करायचा. सोपाननं सहा कोऱ्या चिठ्ठ्यांवर सही केली. वरच्यानं सांगितलं की करायचं. हरणाबाईचा अंगठाही त्यातल्या तीन कोऱ्याच चिठ्ठ्यांवर घेतला गेला. नाथाजीची सही मागाहून घरी जाऊन आणू आणि विकणाऱ्यांच्या बाटल्याही नावं घातल्यावरच देऊ, असं ठरलं.

दुपारी सोपान जेवून कचेरीत परतला, तर टेबलावर सहाही बाटल्या रांगेत उभ्या. चिठ्ठ्या चिकटवलेल्या. हिरवट बाटल्यांवर नाथाजीचं नाव होतं. पांढऱ्या बाटल्यांवर हरणाबाईचं, आणि खाली तिचा जांभळा अंगठा.

"सायेब, हितं गफलत झालीया," सोपान म्हणाला. "हिरव्या बाटल्या बाईच्या."

आप्पासोंनी वर पाहिलं नाही. "काय गफलत न्हाई."

"न्हाई कशी? मीच बुचं बसवली की."

तेव्हा त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि दार लोटून घेतलं. आवाज चढवला नाही. "सोपान, त्या चिठ्ठीवर तुजी सही हाय. कोऱ्या चिठ्ठीवर सही केली म्हणून सांगत गेलास, तर खोट्या पंचनाम्यात पयला तू. आन् दुसरं सांगतो. त्या बाईनं भर मंडईत दूध ओतलं, ते सगळ्या गावानं बगितलं. नमुना कुणी बदलला म्हणून इचारलं तर लोक कुणाकडं बोट करतील? माज्याकडं?" मग थोडं थांबून ते म्हणाले, "मलाबी दोन पोरी हायत रं. डिसेंबरात तुजा शेरा मीच लिवणार हाय. चांगला लिवतो."

सोपान बाहेर आला आणि कचेरीच्या पायरीवर बसून राहिला. कुठं जावं? नगराध्यक्षांकडं? मुख्याधिकारी त्यांच्याच मर्जीतले. पोलिसांत जावं, तर स्वतःची सही घेऊन जावं लागणार. नोकरी सोडावी, तर बाप पाटणच्या बाजारातून कुठल्या तोंडानं चालेल? पावलं मोजून टाकणारा तो माणूस! रोज सकाळी सोपान इस्त्री केलेला शर्ट घालून कामावर जाई आणि रोज त्याला वाटे, आपण कोंडवाड्यातलं जनावर आहोत. आत चारापाणी आहे, फक्त आगळ बाहेरून घातलेली आहे.

महिन्याभरानं पुण्याचा अहवाल आला. नाथाजीचं दूध उत्तम. हरणाबाईच्या दुधात शेकडा चाळीस पाणी. खटला दाखल झाला.

समन्स मिळालं त्या दिवशी हरणाबाई सोपानच्या खोलीवर आली. त्याची खोली बौद्धवस्तीत. आजवर ती त्या बोळात कधी शिरली नसेल. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिनं पदर सावरला. "त्यादिशी मी दूध ओतलं, त्याचा डाव धरलास व्हय रं? तसं असंल तर मला शिवी दे, चार लोकांत दे. पर माजं दूध पानचट हाय म्हणू नगंस. दोन पोरं हायत माजी. मी आत गेले तर ती कुणाच्या दारात उभी ऱ्हातील?"

 सोपानला आईनं सांगितलं होतं, उलट बोलू नकोस. इथं खरं बोलणं हेच उलट बोलणं होतं. "बाय, मी न्हाई केलं," एवढंच तो म्हणाला. ती म्हणाली, "मग कुणी केलं?" त्यावर तो खाली बघत राहिला आणि ती निघून गेली. तिच्या मनातला संशय आता पक्का झाला होता.

डिसेंबरात शेरा आला, ‘उमेदवार आज्ञाधारक व कष्टाळू आहे.’ कायम करण्याचा ठराव मात्र खटल्याची साक्ष होईपर्यंत पुढं ढकलला गेला. आकारामचं पत्र आलं, कायम झालास का? सोपाननं लिहिलं, होतोय.

साक्ष १९७५ च्या मार्चमध्ये निघाली. आदल्या दिवशी आप्पासोंनी त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं. नमुना घेतला, ठसा मारला, माझ्यासमक्ष अंगठा झाला, ही माझी सही. यात खोटं वाक्य एकही नव्हतं. सोपानला हायसं वाटलं. खोटं न बोलता सुटता येईल, अशी एक फट त्याला दिसली होती.

कोर्टात त्यानं ती चारही वाक्यं शहरी बोलीत सांगितली. हरणाबाई कठड्याला धरून उभी होती. तिचा वकील म्हणजे नुकती सनद घेतलेला एक कोवळा माणूस. त्यानं उगाच इकडंतिकडं चारदोन प्रश्न विचारले. बसता बसता काही सुचलं म्हणून तो पुन्हा उठला.

"तुम्ही सही केली, तेव्हा चिठ्ठीवर नाव लिहिलेलं होतं का?"

फट बुजली. सोपाननं आप्पासोंकडं पाहिलं. ते टोपी गुडघ्यावर ठेवून छताकडं बघत होते. हरणाबाई त्याच्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत आशा नव्हती, नुसता तिरस्कार होता. तिच्या डोळ्यांत थोडी आशा दिसली असती तर बोलणं सोपं गेलं असतं, असं त्याला वाटलं.

"नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"चिठ्ठी कोरी हुती. बाईचं दूध हिरव्या बाटलीत हुतं. ही पांढरी बाटली तिची न्हाई." शहरी बोली केव्हा सुटली ते त्याला कळलं नाही.

हरणाबाई सुटली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी निकालात नगरपालिकेवर ताशेरे ओढले, पण नाथाजीच्या वाटेला कुणी गेलं नाही. बाहेर आवारात हरणाबाई सोपानच्या अंगावरून गेली. तिला थांबायचं असावं, पावलं जरा अडखळली. पण बरोबर भावकीतली माणसं होती. ती गेली.

सोपानला काढून टाकलं नाही. काढलं असतं तर चौकशी झाली असती. त्याची बदली जकात नाक्यावर झाली, उमेदवार म्हणूनच. कायम करायचा ठराव दर सभेत विषयपत्रिकेवर यायचा आणि वेळेअभावी तहकूब व्हायचा. राजीनामा देण्याइतका तो मोकळा नव्हता आणि नोकरीत आहे म्हणण्याइतका आतही नव्हता.

पावसाळ्याआधी आकाराम न कळवता आला. नाक्यावरच्या पत्र्याच्या खोलीत त्यानं पोराला ट्रकच्या पावत्या फाडताना पाहिलं. सोपाननं सगळं सांगितलं, पहिल्या सहीपासून. 

"वरच्यानं सांगितलं की करायचं, आसं मीच म्हनलो हुतो," म्हातारा म्हणाला.

"तुमी काय कराल, दादा. मला सई करताना कळाय पायजे हुतं."

"आन् कोर्टात सांगितलंस ते कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई."

आकारामनं मान हलवली. मग बाहेर एक ट्रक येऊन उभा राहिला, भोंगा वाजवायला लागला. सोपान उठू लागला, तसा म्हातारा म्हणाला, "बस तू, भाकरी खा." आणि स्वतःच बाहेर जाऊन, छाती काढून, नाक्याचा आडवा बांबू धरून उभा राहिला.