गोधडीतला डिजिटल वर्ग

आमच्या पोशीरकडच्या शाळेत साहेब तपासणीला यायचे असले, की सकाळी त्यांच्या आधी एका टेंपोवाल्याचा टेंपो यायचा. मागे गोधडीत गुंडाळलेला मोठा टीव्ही असायचा. आसपासच्या सगळ्या शाळा डिजिटल झाल्याचं वर कळवून झालं होतं, आणि त्या सगळ्यांत मिळून टीव्ही हा एवढाच होता.

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मुलं त्याला टीव्हीकाका म्हणायची. तो टीव्हीला कुणाला हात लावू द्यायचा नाही. स्वतः टेबलावर मांडायचा, गळ्यातल्या रुमालाने पुसायचा आणि दारावर ‘डिजिटल वर्ग’ अशी पाटी अडकवायचा. पाटीसुद्धा टेंपोतलीच. मग बाहेर तंबाखू मळत साहेबांची गाडी जायची वाट बघायचा.

एकदा साहेबांना टीव्हीच्या कोपऱ्यात ओरखडा दिसला. “कालच्या शाळेतही अगदी असाच ओरखडा,” ते मला म्हणाले. “बाई, सरकारी वस्तू जपायला शिका जरा.” मी मान डोलावली.

ते गेल्यावर तो अजून गरम असलेला टीव्ही गुंडाळू लागला. मी सहज विचारलं, “तुमची मुलं कुठल्या शाळेत?”

“एकच पोरगी. वरच्या वाडीत, चौथीला हाय.”

“मग तिला रोजचाच असेल हा टीव्ही.”

त्याने दोरीची गाठ आवळली.

“तिनं नाय बघितला अजून. माजा टेंपो चढतो वर, बाई. सायबांची गाडी चढत नाय.”