ब्रिस्टलला कोळसा पेटवायला गेलो आणि खोटं बोललो

कोळसा पेटवायला शिकण्यासाठी मी नव्वद पौंड मोजले, हे आधीच कबूल करतो. ऑफिसातला मित्र निखिल मागेच लागला होता. ब्रिस्टलला एक जपानी बाई शनिवारी यकितोरीचा, म्हणजे काडीला टोचून कोळशावर भाजलेल्या चिकनचा, क्लास घेते. स्लाऊहून रेडिंगला ट्रेन बदलून जायचं. तिकीट आधी काढा, नाहीतर खिसा रिकामा. आणि जुना स्वेटर घाला, धुराचा वास दोन वॉशमध्येही जात नाही.

क्लास रेल्वेच्या कमानीखाली होता. युकोबाई पन्नाशीच्या. "माझे वडील स्टेशनबाहेर गाडीवर यकितोरी विकायचे. मला येतं ते सगळं त्यांचं," त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं.

जपानी कोळसा एकमेकांवर आपटला की खणखणतो, आणि पेटायला जाम नखरे करतो. सगळे फुंकर मारत बसले. निखिलच्या चष्म्यावर राख. मला राहवेना. पुठ्ठा घेतला, खालच्या अंगाने, तिरका, हळूहळू वारा घातला. वर तळहात धरून आच पाहिली.

नागपूरला माझ्या बाबांचा इस्त्रीचा ठेला आहे. कोळशाची इस्त्री. फुंकर मारायची नाही, पांढऱ्या शर्टावर राख उडते, हे मी सातवीत असतानाच शिकलो. ऑफिसात मात्र सांगून ठेवलंय, बाबांचा कपड्यांचा बिझनेस आहे.

युकोबाई माझे निखारे बघत राहिल्या. "कुणी शिकवलं?"

निखिल शेजारीच उभा होता.

"यूट्यूबवर पाहिलं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. चिकन झकास झालं होतं, लोक माझ्याच शेगडीवरचं मागून खात होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

रविवारी बाबांना फोन केला. कोळशाचं ऐकून ते हसले.

"मंग सांगितलं का तिले, बाबानं शिकवलं म्हणून?"

"हो," मी म्हणालो.

"अवं, ऐकलं का," ते आईला सांगायला लागले, "पोरानं इंग्लंडात माहं नाव घेतलं."

म्हणून ही पोस्ट. क्लास छान आहे, जरूर जा. निखिल, तू वाचशीलच, तर ऐक, माझे बाबा इस्त्री करतात आणि कोळसा मला त्यांनीच शिकवला. युकोबाईंनाही आज तसं लिहून पाठवलं, बाबांच्या नावासकट. बाबा मात्र त्याच्या आधीच खूश होऊन बसले होते.