घरगुती अडचणींमुळे, स्वखुशीने

मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात नागोजीराव एकतीस वर्षं टाइपिस्ट होते. तिथून जो कुणी बाहेर पडला, त्याचा शेवटचा कागद त्यांच्याच मशीनवर निघाला. वय झालेला तो ‘निवृत्त’. साहेबाशी भांडलेला तो ‘बडतर्फ’. आणि ज्याला घालवायचंय, पण काढलं असं दिसू द्यायचं नाही, त्याच्यासाठी नागोजीरावांनी स्वतः एक वाक्य बेतलं होतं : घरगुती अडचणींमुळे मी स्वखुशीने राजीनामा देत आहे. कागद इंग्रजीत असायचा. समजावणं मात्र मराठीत किंवा कन्नडमध्ये, जसा माणूस तसं.

“बडतर्फीचा शिक्का घेऊन कुठं फिरणार? सही कर. झाकली मूठ सव्वा लाखाची,” असं ते म्हणायचे, आणि सहीच्या जागी बोट ठेवायचे. यात लबाडी नव्हती हो! आपण लोकांची अब्रू वाचवतो, असं त्या भल्या माणसाला खरंच वाटायचं.

लेथवरच्या रणोजीरावाचीही त्यांनी अशीच अब्रू वाचवली. रणोजीराव त्यांच्याच भावसार समाजातला, एका पंगतीत बसणारा. रडत रडत त्यानं सही केली. पुढं डोकं थंड झाल्यावर तो वकिलाकडे गेला, तर वकिलानं कागद परत केले. स्वखुशीनं गेलेल्या माणसाचा खटला कसला? तेव्हापासून रणोजीराव बन्नीमंटपाच्या मैदानाजवळ सायकली दुरुस्त करतो आणि नागोजीराव दिसले की तोंड फिरवतो. नऊ वर्षं झाली.

नागोजीरावांना त्याचं वाईट वाटायचं, पण फार नाही. त्यांचं लक्ष स्वतःच्या निवृत्तीकडे लागलं होतं. कारखान्याची रीत अशी, की त्या वर्षी निवृत्त होणाऱ्यानं आयुधपूजेला फेटा बांधून, सगळ्यांसमोर फाटकात कोहळा फोडायचा. राजीनामा दिलेल्याला तो मान नाही. नागोजीराव डिसेंबरात निवृत्त होणार, म्हणजे यंदाचा दसरा त्यांचा. त्यांच्या पत्नी पुष्पावतींनी तर हौसेनं परसात कोहळ्याचा वेल लावला होता.

जूनमध्ये पद्मनाभनं त्यांना केबिनमध्ये बोलावलं. हा शेजारचा पोरगा. त्याला अक्षरापासून टायपिंगपर्यंत सगळं शिकवलं नागोजीरावांनी, साहेबाचे पाय धरून कारखान्यात चिकटवलाही त्यांनीच. आता तो ऑफिसर झाला होता आणि त्याच्या टेबलावर कंप्यूटर आला होता.

“काका, कूतगोळ्ळि, बसा. एक सही पाहिजे,” पद्मनाभ खाली बघत म्हणाला. “कमी करायला ऑफिसातनं एकाचं नाव द्या म्हणून वरून सांगितलेत. नानेनु माडलि? मी तरी काय करू?”

नागोजीरावांनी कागद वाचला. वाक्य तेच होतं, त्यात एक स्वल्पविरामसुद्धा बदललेला नव्हता. शेजारी वर पाठवायची यादी पडली होती. यादी कसली, हातानं लिहिलेलं एकच नाव, त्यांचंच. त्यातला तो वळणदार ‘एन’ त्यांनीच पद्मनाभकडून पाटीवर गिरवून घेतला होता.

“नाव तू दिलास?”

“सही करा काका. नाही तर ते काही तरी ठपका ठेवून बडतर्फ करतील. अब्रू जाईल की नाही, अल्वा?”

‘कर बडतर्फ, माझ्या हातानं टाइप करून देतो,’ असं अगदी ओठांवर आलं होतं. पण एकतीस वर्षं दुसऱ्यांना घातलेली भीती ऐन वेळी त्यांच्यावरच उलटली. पद्मनाभनं बोट ठेवलं, तिथं त्यांनी सही केली.

घरी जाऊन पुष्पावतींना काय सांगायचं, हे त्यांना सुचेना. वेलाला फुलं आली होती. ते बसमधून बन्नीमंटपालाच उतरले आणि रणोजीरावाच्या दुकानासमोर येऊन उभे राहिले.

रणोजीरावानं मान वर केली. या खेपेस तोंड फिरवलं नाही. “एवढ्या लौकर? रजा काय?”

“मला काढले रे.”

“आणि कागदावर?”

“स्वखुशीनं.”

रणोजीराव ट्यूबमध्ये हवा भरत राहिला. मग म्हणाला, “मला सही कुठं करायची ते तू दाखवलास. तुला कुणी दाखवलं?”

“पद्मनाभनं.”

“बरं शिकवलायस की त्याला,” रणोजीराव म्हणाला, आणि पंक्चर शोधायला त्यानं ट्यूब पाण्यात बुडवली.