मागं फिरलेलं जहाज

चहा ठेवण्याआधी सपनाने मोबाइलवर जहाज पाहिलं. नालवाडीच्या त्या घरात रोजची हीच रीत. नकाशावर नवऱ्याच्या, गजेंद्रच्या जहाजाचा हिरवा ठिपका दिसला की मगच दिवस सुरू. आज ठिपका उलटा फिरला होता. बंदर समोर असताना खोल समुद्राकडे.

गजेंद्र पोहायला शिकला तो रोहण्याला, मामाच्या विहिरीत. पुढे मालवाहू जहाजावर अधिकारी झाला, तरी आई देवकाबाईंच्या लेखी तो नागपूरच्या जरा पलीकडे, 'बाहेरगावी' होता. जहाज रिकामं असलं की तोल राहावा म्हणून पोटातल्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात, माल चढला की सोडून देतात. ते पाणी गजेंद्रच्या ताब्यात.

फोन वाजला. सपनाने स्पीकर लावला.

"अहो, जहाज मागं काऊन गेलं?"

"पानी साफ करायची मशीन बंद पडली. मी बंदरवाल्यायले सांगून टाकलं. ते म्हनाले, हे पानी इथं नाई सोडाचं. खोल समुद्रात जाऊन बदलून आना."

"आन् हवा?"

"खराब आहे."

"समुद्राचं पानी समुद्रात टाकाले परवानगी लागते काय बे?" गजेंद्रचे वडील बंडूजी म्हणाले. कोणी हसलं नाही.

"बाबा, दूरच्या शिंपल्यायची पिल्लं असतात त्यात, डोळ्याले न दिसनारी. इथं सुटली तर इथल्या मासोळ्यायचं खानंच संपवतीन. वडनेरच्या तलावात जलकुंभी पसरली ना, तसं."

तांदूळ निवडणारा देवकाबाईंचा हात थांबला. त्या तलावात लहानग्या गजेंद्रचे पाय जलकुंभीच्या मुळ्यांत अडकले होते. वर नुसती जांभळी फुलं दिसत होती, पोरगा दिसत नव्हता.

"पन तूच काऊन सांगतलं? चूप राह्यला असता तर बंदरात असता."

"जहाजावर समदे तेच म्हनून राह्यले, आई."

"टाकी रिकामी केली तर तोल जाईन ना?" सपनाने विचारलं.

"एक-एकच बदलतो."

फोन तुटला. थोड्या वेळाने ठिपकाही गेला. देवकाबाईंनी उठून पंखा बंद केला. "वारा नको," म्हणाल्या. उकाड्यात तिघंही घामेजून बसली. पंखा पुन्हा लाव, असं कोणीच म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. गजेंद्रचा आवाज बसला होता. मागे काहीतरी धाडधाड आदळत होतं.

"एक टाकी राह्यली. लाटा वाढल्या. कप्तान म्हनते, समद्या झाल्या म्हनून सांगू आन् परत जाऊ. त्यानं माह्यावर सोडलं."

'या परत' असं सपनाच्या ओठांवर आलं. तेवढ्यात सासूबाईंनी फोन ओढून घेतला.

"लाटा उतरू दे. थांब तिथंच, मंग बदलजो. तशी नको नेऊ. तिथं बी वडनेरसारखं होईन."

"म्हंजे आजची रात बी इथंच, आई."

"समजते मले."

फोन ठेवून त्या सपनाकडे वळल्या. "मी बराबर बोलली ना वं?"

सपनाने मोबाइल घेतला आणि ती नकाशावर ठिपका शोधू लागली.