पालेनाच्या भट्टीवरचा सेलेदोनियो

आमच्या आरमारात तोल्तेन वर्गाच्या हलक्या क्रूझर युद्धनौका दोनच बांधल्या गेल्या, तोल्तेन आणि पालेना. दोघींना तीन-तीन धुराडी, आराखडाही एकच. पण तोल्तेनच्या भट्टीत कोळसा घालणाऱ्या आम्हा भट्टीवाल्यांसमोर दोन्ही सारख्याच आहेत असं म्हणून तर बघा! ताल्काउआनोच्या आमच्या तळावरून चिलोए बेटावरचं आंकूद बंदर सर्वांत कमी वेळात गाठल्याचा मान आमचा होता, आणि तो मिळवून देणारा होता त्याच बेटावरचा सेलेदोनियो उएंचुर. पालेनाचा विषय निघाला की तो म्हणायचा, "ती चालते होय? मला वाटलं, नांगरावरच असते!"

त्या हिवाळ्यात आंकूदला त्याच्या बायकोचे, एर्मेलिंदाचे, दिवस भरत आले होते. पहिलं मूल तो समुद्रावर असताना जन्मलं आणि आठवडाभरात गेलंही. त्याचं तोंडसुद्धा त्याला दिसलं नाही. या खेपेला हजर राहीन, असा शब्द त्यानं तिला दिला होता. रजा मिळाली, पण कोळसा भरून झाल्यावरच. दक्षिणेला आंकूदकडे जाणारी टपालबोट संध्याकाळी सुटणार, आणि आमची निम्मी माणसं तापानं आडवी पडलेली.

सेलेदोनियोनं टोपी काढली आणि त्याच धक्क्याला लागलेली पालेना थेट गाठली. चिलोएत लाकडी घर अख्खंच्या अख्खं उचलून दुसरीकडे न्यायचं असलं की माणूस शेजाऱ्यांच्या दारी जाऊन रीतसर मदत मागतो. अशी विनवणी कुणी मोडत नाही. काम झालं की मागणाऱ्यानं सगळ्यांना पोटभर वाढायचं.

"बाल्दोमेरोदादा, हात द्या," तो पालेनाच्या मुख्य भट्टीवाल्याला म्हणाला.

बाल्दोमेरोही चिलोएचाच. "नांगरावरच्या माणसांचे हात चालतील का रे तुला?" असा टोमणा मारतच त्यानं बाह्या सरसावल्या.

पालेनाचे झाडून सारे आले. आम्हाला शिव्या घालत, काळेठिक्कर होत त्यांनी आमचा कोळसा भरला. काम उरकलं तेवढ्यात टपालबोटीची शिट्टी झाली.

"पळ, गाढवा!" मी ओरडलो.

सेलेदोनियो धक्क्यावर पळी घेऊन उभा होता. पातेल्यात कोकराचा रस्सा उकळत होता. "यांना न वाढता कसा जाऊ?"

मला त्या रीतीचा असा संताप आला! बोट गेली. तो खाली मान घालून वाढत राहिला. रडत होता तो, सरळच सांगतो.

बाल्दोमेरोनं वाडगा खाली ठेवला. "आम्ही पहाटे आंकूदलाच निघतोय. तुझ्या कप्तानाशी मी बोलतो. पण फुकट नेणार नाही हं, भट्टीवर उभं राहावं लागेल."

"वेळेत पोचू?"

"ते तुझ्या फावड्यावर!"

मग काय विचारता! गड्यानं पालेनाच्या भट्ट्या अशा काही पेटवल्या की आंकूदला पोचेपर्यंत आमचा वेगाचा मान धुळीला मिळाला होता. तो घरी पोचला तेव्हा एर्मेलिंदाला कळा सुरू झाल्या होत्या. मुलगी झाली, ठणठणीत.

इकडे पालेनावाल्यांनी आमचं जिणं हराम केलं. सेलेदोनियो रजेवरून परतताच आम्ही त्याला घेरलं.

"कुणी घातला रे तो कोळसा? कुठल्या नालायकानं?"

"मी," तो म्हणाला. मान जराही खाली गेली नाही.

आम्ही त्याला यथेच्छ शिव्या दिल्या. त्या संपल्यावर मीच विचारलं, "पोरगी दिसते कुणासारखी?"

त्यानं सांगायला सुरुवात केली ती जेवणाची घंटा झाली तरी थांबेना, आणि आमच्यातलाही कुणी उठेना.